माळ्यावरचा ग्रास कटर

अनंत चतुर्दशी उलटली आणि पावसाने जरा उसंत दिली की कुडाळ-कणकवलीकडच्या बागांमधून सकाळी सातपासून घरघर ऐकू यायला लागते. आंब्या-काजूच्या बुंध्याशी कमरेएवढं माजलेलं रान काढायचे हे दिवस. पूर्वी चार-पाच गडी विळा-कोयती घेऊन आठवडाभर बेणणी करायचे. आता गडी मिळत नाहीत. बेणणी हा शब्द तेवढा राहिला आणि काम ग्रास कटरकडे गेलं. पुस्तकी नाव ब्रश कटर, पण गावात ते कुणी घेत नाही.

याच दिवसांत आणखी एक आवाज असतो, तो बाजारपेठेतल्या मेकॅनिकच्या दुकानासमोर. स्टार्टरची दोरी ओढल्याचा, पुन्हा ओढल्याचा, आणि मग कुणीतरी वैतागून शिवी घातल्याचा. त्या रांगेत मीही उभा राहिलोय, ओळीने तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी मेकॅनिकने यंत्राला हातही न लावता विचारलं, "काका, ह्यातला पेट्रोल कधीचा?"

"गेल्या दिवाळीतलं."

"मगे तुमी ह्येका मारलास," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या दिवशी मला ते वाक्य लागलं. नंतर त्याच्या दुकानात बसून, त्याने उघडलेली यंत्रं बघून पटलं. रांगेतली बहुतेक यंत्रं कामात बिघडलेली नव्हती. काम संपल्यावर ती माळ्यावर गेली होती आणि तिथे, कुणी हात लावत नसताना, बिघडली होती.

दोष सगळा पेट्रोलचा. पंपावरून आणलेलं पेट्रोल हा अनेक द्रवांचा मेळ असतो. त्यातला हलका भाग आधी उडून जातो, मागे चिकट राळेसारखं काहीतरी उरतं. मोटारीच्या मोठ्या टाकीत ते फारसं जाणवत नाही. ग्रास कटरच्या कार्बोरेटरमध्ये एका वेळी चहाच्या चमच्याएवढंच पेट्रोल असतं आणि त्याच्या वाटा केसाएवढ्या. तिथे ते सुकलं की वाट बुजली. भरीला आता इथेनॉल आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीला आलं आणि आता पंपावर बहुधा तेच मिळतं. घाटावरच्या उसातून निघालेलं इथेनॉल घाट उतरून आमच्या काजूच्या बागेत येतं, याची मला गंमत वाटते. पण इथेनॉलला पाण्याची ओढ फार. अर्धी भरलेली टाकी कोकणच्या दमट हवेत महिनोन् महिने पडली की ते हवेतली वाफ ओढून घेतं. पुरेसं पाणी जमलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशी असते. टू-स्ट्रोक इंजिनसाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल त्या थरात जवळजवळ नसतंच. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पाडतं. लहान इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. ती पुस्तिका आपण वाचत नाही आणि वाचली तरी पंप बदलता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की पेट्रोल लागेल तेवढंच आणायचं आणि महिन्याच्या आत संपवायचं.

या कार्बोरेटरची रचना मोटारसायकलच्या कार्बोरेटरपेक्षा वेगळी असते, आणि त्याला कारण आहे. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये एक वाटी असते, तिच्यात पेट्रोलवर फ्लोट तरंगतो. वाटी तिरकी झाली की हिशेब चुकतो. ग्रास कटर तर बांधाच्या उतारावर कसाही वाकडा होतो. म्हणून इथे फ्लोटऐवजी पातळ पडदे असतात, डायफ्राम म्हणतात ते. इंजिनच्या पोटात पिस्टन खाली-वर होताना हवेचा दाब कमी-जास्त होतो, त्या ठोक्यांवर एक पडदा हलतो आणि पेट्रोल ओढून आणतो. दुसरा पडदा ते मोजून पुढे सोडतो. पडदा मऊ आहे तोवर यंत्र उलटं धरलं तरी चालेल. वर्षभर सुकलेल्या पेट्रोलमध्ये राहून तो पापडासारखा कडक झाला की हलायचाच थांबतो.

याची खूण सोपी आहे. चोक लावून यंत्र सुरू होतं, चोक काढला की बंद पडतं. किंवा प्राइमरचा फुगा दाबून दोन-चार ठोके देतं आणि गप्प होतं. म्हणजे ठिणगी आहे, इंजिन धडधाकट आहे, फक्त पोटभर पेट्रोल मिळत नाही. अशा वेळी लोक कार्बोरेटरवरचे एच आणि एल हे दोन स्क्रू फिरवत बसतात. काल बरोबर असलेला स्क्रू रात्रीत चुकीचा होत नाही. आधी टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर काढून बघायचा, काळा पडला असेल तर बदलायचा. नळी चिरली नाही ना, प्राइमरच्या फुग्याला भेग नाही ना, हे पाहायचं. भेगेतून हवा शिरली तर पेट्रोल वर चढत नाही. मग कार्बोरेटर उघडायचा, क्लीनरचा फवारा प्रत्येक छिद्रातून मारायचा आणि पडद्यांचा संच नवा टाकायचा. छिद्रात तार मात्र घालू नये. पितळेचं छिद्र तारेने खरवडून मोठं झालं की त्या कार्बोरेटरचं माप कायमचं गेलं. कार्बोरेटरवर मॉडेल क्रमांक कोरलेला असतो, तो लिहून नेला तर बरोबर संच मिळतो.

पण यंत्राचा खून करायचा याहून जलद रस्ता आहे: टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल भरणं. त्या इंजिनला तेलाची वेगळी टाकी नसते. पिस्टन, बेअरिंग, सगळ्यांना जे काही तेल मिळायचं ते पेट्रोलमधूनच. शेजाऱ्याने मदत म्हणून आपल्या स्कूटरच्या कॅनमधलं पेट्रोल ओतलं आणि दहा मिनिटांत पिस्टन जाम, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या शेजाऱ्याचं आणि मालकाचं बोलणं अजून बंद आहे. चांगलं टू-टी ऑइल असेल तर साधारण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलि. काही यंत्रं २५ ला १ मागतात, म्हणजे ४० मिलि. आपल्या यंत्राचा आकडा टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत असतो. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं तेल घ्यावं, ते कमी काजळी करतं. मोटारीचं इंजिन ऑइल इथे चालत नाही, ते जळायला केलेलं नसतं. "थोडं जास्तच तेल घातलेलं बरं" हा आणखी एक गावठी समज. जास्तीचं तेल जळत नाही, प्लग काळा करतं आणि सायलेन्सरमध्ये काजळी भरतं. मिश्रण टाकीत करू नये, वेगळ्या कॅनमध्ये करून हलवावं आणि कॅनवर जाड मार्करने लिहावं. आमच्या कॅनवर माझ्या पुतण्याने "स्कूटरला नाही" असं लिहिलंय, तेवढं पुरतं.

चार-स्ट्रोकची लहान इंजिनं आता बरीच दिसतात, त्यांच्याकडे उलटी गडबड होते. त्यांना साधं पेट्रोल आणि पोटात वेगळं इंजिन ऑइल लागतं. होंडाचं जीएक्स-३५ घ्या: ३५.८ सीसीचं इंजिन आणि तेल अवघं १०० मिलि, म्हणजे अर्धा कप. त्यातलं २० मिलि जळून गेलं तरी पाचवा हिस्सा गेला. तेव्हा तेल दर सकाळी बघावं लागतं.

यंत्र सुरू होतं, पण जोर नाही. रेस दिली की घुसमटल्यासारखं करतं. यावर मेकॅनिकचा इलाज मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा थक्क झालो. त्याने सायलेन्सरच्या तोंडातून नखाएवढी तारेची जाळी काढली, ती काजळीने पूर्ण बुजली होती, आणि कोपऱ्यात फेकून दिली. यंत्र लगेच दणदणीत चालायला लागलं. गिऱ्हाईक खूश. मी ती जाळी उचलून आणली, कारण तिचं काम ठिणगी अडवणं आहे. काजळीचा जळता कण सायलेन्सरमधून बाहेर पडू नये म्हणून ती बसवलेली असते. पावसाळ्यानंतरच्या ओल्या गवतात तिचं महत्त्व कळत नाही. पण आपण डिसेंबर-जानेवारीत पुन्हा ग्रास कटर काढतो तो वणव्यापासून बाग वाचवायला, बांधालगत जाळरेषा आखायला. पिवळ्या, करकरीत वाळलेल्या गवतात बिनजाळीचं यंत्र फिरवणं म्हणजे ज्यासाठी निघालो तेच घडवून आणण्यासारखं. जाळी फेकायची नसते. तारेच्या ब्रशने घासली की साफ होते, नवी घेतली तरी फार महाग नसते. ती वरचेवर बुजत असेल तर तेल जास्त पडतंय.

सायलेन्सर काढलाच असेल तर आत डोकावून पिस्टनची बाजू बघावी. गुळगुळीत असेल तर उत्तम. उभ्या ओरखड्यांच्या रेघा दिसल्या तर हे यंत्र एकदा तरी तेलावाचून चाललेलं आहे. जुना ग्रास कटर विकत घेताना दोन बोल्ट काढून एवढं बघितलं की विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. प्लगही असाच बोलका असतो. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. काळं नि ओलं असेल तर तेल जास्त पडतंय किंवा हवेचा फिल्टर बुजलाय. पांढुरकं असेल तर सावध व्हावं, पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय, इंजिन तापतंय. प्लगची फट बहुतेक ठिकाणी ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावायचा. हे आठवड्याचं काम, सर्व्हिसिंगची वाट बघायची गरज नाही.

आता दोरीकडे. लहान ग्रास कटरला पात्याऐवजी जी नायलॉनची दोरी असते तिची कहाणी अमेरिकेतली आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस नावाचा गृहस्थ नृत्यशाळा चालवायचा. १९७१ साली मोटार धुण्याच्या केंद्रात गाडीभोवती गरगरणारे ब्रश बघताना त्याला वाटलं, झाडांच्या बुंध्याशी असंच काही फिरवता आलं तर? पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला त्याने भोकं पाडली, त्यातून मासेमारीची दोरी ओवली आणि डबा हिरवळीच्या कडा कापायच्या यंत्राला जोडला. त्याचं 'वीड ईटर' झालं, आणि १९७७ मध्ये त्याने तो धंदा इमर्सन इलेक्ट्रिक कंपनीला विकला.

लोंबती मऊ दोरी गवत कापते कशी? केवळ वेगाने. मध्यापासून टोक २० सेंटिमीटरवर असेल आणि हेड मिनिटाला ७००० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगात दोरी बाहेर ताणून काठीसारखी ताठ होते. म्हणूनच तिच्या लांबीला एवढं महत्त्व आहे. गार्डच्या आत एक छोटं पातं असतं, ते जादा दोरी कापून टाकतं. मोठा पट्टा एकदम कापला जावा म्हणून लोक गार्डच काढून टाकतात. दोरी लांबते, हवेचा आणि गवताचा विरोध वाढतो, इंजिन दमतं, क्लच तापून घसरायला लागतो, आणि बॅटरीच्या यंत्रात तर मोटरच जळते. जांभ्याचा खडा उडून नडगीला बसतो तो वेगळाच. माणसं, जनावरं पंधरा मीटर लांब ठेवा, असं पुस्तिकांत लिहिलेलं असतं, ते त्या खड्यासाठी. जाड दोरी घालण्याचंही तसंच. १.६ मिलिमीटरसाठी केलेल्या बॅटरीच्या यंत्रात २.४ ची दोरी घातली की ती तुटत नाही, पण मोटर रडते.

दोरी सारखी तुटत असेल तर ती सुकलेली असते. नायलॉन हवेतलं पाणी धरून ठेवतं, त्यानेच ते चिवट राहतं. कौलांखालच्या माळ्यावर उन्हाळाभर भाजलेली दोरी काडीसारखी मोडते. रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली की पुन्हा वळायला लागते. मला हा उपाय पहिल्यांदा थापच वाटली होती. हेडमध्ये भरताना बाण दाखवेल त्या दिशेला, फेऱ्यावर फेरा न चढवता, घट्ट गुंडाळायची. सैल गुंडाळलेले फेरे एकमेकांवर घासतात, तापतात आणि चिकटतात. मग हेड जमिनीवर कितीही आपटा, दोरी बाहेर येत नाही. लहान कलमांच्या बुंध्याजवळ मात्र ही दोरी नकोच. साल सगळीकडून सोलली गेली की कलम उभ्या उभ्या वाळतं, आणि दोष वाळवीला जातो.

काजूच्या बागेतल्या जाड रानाला पातं लागतं. पात्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे ठाऊक नसल्याने जोर लावून आटे खाल्लेले नट मेकॅनिकच्या दुकानात डबाभर पडलेत. पातं ज्या गिअरवर बसतं त्याच्या डब्याला बाजूला छोटा बोल्ट असतो. दर २०-२५ तासांनी तिथून लिथियमचं ग्रीस भरायचं, ठासून नाही. पात्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढायची, बॅटरी असेल तर ती काढायची. रेस सोडल्यावरही पातं फिरतच राहत असेल तर आयडल जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेलीय. असं यंत्र तसंच वापरू नये.

बॅटरीचा ग्रास कटर घेतला की हे सगळं सुटलं, असं मलाही वाटलं होतं. परसातल्या हिरवळीपुरतं ते खरंही आहे: पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही, दोरी ओढणं नाही. पण बॅटरीचं गणित आधी मांडून घ्यावं. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. दाट गवतात मोटर ४०० वॅट ओढत असेल तर दहा-अकरा मिनिटं. एका लिथियम सेलचा व्होल्टेज ३.६ धरतात, तेव्हा १८ व्होल्टला पाच सेल लागतात. बाजारात स्वस्त यंत्रांवर ४८, ८८ असे आकडे आणि पुढे इंग्रजी एफ छापलेला असतो. अशा अनेक पॅकचं कवच उघडलं तर आत पाच-पाच सेलच्याच रांगा निघतात. तो आकडा व्होल्टचा नसून विक्रीचा असतो. वॅट-तास विचारावेत, सांगता आले नाहीत तर समजून घ्यावं.

आणि पडून राहून मरण्याच्या बाबतीत बॅटरी पेट्रोलच्या वरताण आहे. काम करता करता ती संपते, आपण तशीच ती माळ्यावर टाकतो. सेल स्वतःहून थोडे थोडे उतरत असतात, आतलं संरक्षक सर्किटही थेंब थेंब वीज पीत राहतं. सहा महिन्यांनी व्होल्टेज इतका खाली गेलेला असतो की चार्जर तिला ओळखतच नाही, लाल दिवा लुकलुकतो. सेल साधारण अडीच व्होल्टच्या बराच खाली गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे साचतं, आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या बॅटरीच्या तारा लावून तिला 'उठवण्याचा' जो प्रकार चालतो तो मी घरात होऊ देत नाही. फुगलेल्या पॅकचंही तसंच, तो बदलायचा. पूर्ण भरून ठेवणंही सेलला सोसत नाही, विशेषतः उन्हाळ्यात. चारपैकी दोन दिवे पेटतील इतपत चार्ज करून, यंत्रातून काढून, माळ्यावर न ठेवता घरातल्या गार कपाटात ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची. काम संपताच गरम बॅटरी चार्जरला लावू नये, अर्धा तास निवू द्यावी. पावसाळ्यात लाइट कधी जाईल या धास्तीने नेमकं हेच सगळे करतात.

यंत्र मध्येच थांबत असेल तर बॅटरीला बोल लावण्याआधी हेड उलटं करून पाहावं. हेड आणि दांड्याच्या सांध्यात गवताचा तंतू आणि तुटलेली दोरी इतकी आवळून बसलेली असते की मोटरला फिरताच येत नाही, आणि सर्किट जीव वाचवायला वीज तोडतं. सुरीने कापून काढलं की दुखणं गेलं. बॅटरी बसते तिथल्या पितळी पट्ट्या खाऱ्या हवेने हिरव्या पडतात, त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसाव्यात. ब्रशवाल्या मोटरमध्ये कार्बन झिजतात. ठिणग्या जास्त दिसायला लागल्या, जळका वास आला की वायरमनकडून कार्बन बदलून घ्यावेत, स्वस्तातलं काम आहे. ब्रशलेस मोटरला कार्बन नसतात. तिचं सर्किट गेलं तर मात्र दुरुस्तीपेक्षा नवं यंत्र परवडतं, हे कबूल केलं पाहिजे. पेट्रोलच्या यंत्राचा प्रत्येक सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो, त्यामुळे अडीच एकराच्या बागेसाठी मी अजून तेच वापरतो. बॅटरीवालं घराभोवती आणि कलमांच्या ओळींतून फिरतं.

मागच्या डिसेंबरात जाळरेषा झाली त्या संध्याकाळी मी टाकी उरल्यासुरल्या मिश्रणासकट कॅनमध्ये उलटी केली. यंत्र खळ्यात ठेवलं, रेस न देता सुरू केलं आणि बाजूला उभा राहिलो. कार्बोरेटरमधलं चमचाभर पेट्रोल संपेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं ते संथ चाललं. शेवटी आवाज एकदम चढला, कारण पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन क्षणभर उधळतं. मग ठोके तुटले आणि ते थांबलं. प्लग काढून छिद्रात चमचाभर टू-टी ऑइल सोडलं, दोरी दोनदा हळू ओढली, प्लग परत बसवला. सप्टेंबरात तिसऱ्या ओढीला सुरू झालं. त्याच आठवड्यात बाजारात मेकॅनिक भेटला. "काका, ह्या वर्षी इलास नाय दुकानात?" त्याच्या आवाजात थोडी नाराजीच होती.